काम काढलेलं घर आणि कपाटातली पॉलिसी

घराचं काम काढायचं ठरलं की कळवायच्या माणसांची यादी लांबत जाते. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे अर्ज, वॉचमनकडे मजुरांची नावं, खालच्या मजल्यावरच्या काकूंना "आठ-दहा दिवस ठोकाठोकी होईल हं" अशी आगाऊ सूचना, स्वयंपाकाच्या मावशींना सुट्टी. मुहूर्त काढून देणारे गुरुजीसुद्धा यादीत असतात. नसते ती विमा कंपनी.

याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणता येत नाही. आपल्या घराचा विमा आहे, हेच अनेकांच्या लक्षात नसतं. गृहकर्जाच्या वेळी बँकेच्या टेबलावर ज्या वीस-पंचवीस सह्या केल्या, त्यातली एक या पॉलिसीच्या अर्जावर होती. मूळ कागद बँकेच्या फाइलमध्ये, पीडीएफ कुठल्याशा जुन्या ईमेलमध्ये. ही पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची असू शकते, त्यामुळे दरवर्षी आठवण करून देणारा हप्ताही नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हात जरा मोकळा झाला की घराचं काम निघतं आणि भिंती, फरशा, वायरिंग, सगळं बदलतं. पॉलिसीत मात्र बिल्डरने ताबा दिला त्या दिवशीचंच घर राहतं. आग लागली किंवा पुराचं पाणी शिरलं, की सर्व्हेअर या दोन घरांची तुलना करायला बसतो.

आज भारतात घराचा विमा म्हणजे मुख्यतः 'भारत गृह रक्षा'. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेली ही पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून लागू झाली. कंपनी कोणतीही असो, मूळ मजकूर तोच. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, अशा घटनांची एक यादी तिच्यात आहे आणि त्या घटनांमुळे झालेलं नुकसान ती भरून देते. मजकूर इंग्रजीत असला तरी वकिली थाटाचा नाही. संध्याकाळी चहा घेत वाचून होईल. घराचं काम काढणाऱ्यासाठी तिच्यातल्या चार-पाच जागा महत्त्वाच्या आहेत आणि त्यातली पहिली म्हणजे विम्याची रक्कम ठरवण्याची रीत.

घराचा बाजारभाव इथे विचारात घेतला जात नाही. चटई क्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, एवढंच. जमीन जळत नाही, म्हणून तिची किंमत हिशेबात नाही. कोथरूडमधला सव्वा कोटीचा फ्लॅट पॉलिसीत सोळा-सतरा लाखांचा दिसला की माणूस हबकतो, पण त्यात फसवणूक नसते. चटई क्षेत्राची व्याख्याही पॉलिसीतच दिलेली आहे: आतल्या वापराच्या जागेचं पूर्ण क्षेत्रफळ, आणि गॅलरी, व्हरांडा, गच्ची, पार्किंग यांचं फक्त 25 टक्के.

आता एक फ्लॅट कल्पनेने घेऊ. आतली जागा 560 चौरस फूट आणि प्रत्येकी 45 चौरस फुटांच्या दोन गॅलऱ्या. गॅलऱ्यांचे नव्वद फूट, त्यांचे 25 टक्के म्हणजे साडेबावीस. पॉलिसीच्या हिशेबाने घर 582.5 चौरस फुटांचं, म्हणजे साधारण 54 चौरस मीटर. बांधकामाचा दर चौरस मीटरला 30,000 रुपये धरला, तर इमारतीची विमा रक्कम होते सव्वासोळा लाखांच्या आसपास.

आणि आपल्याकडे काम निघालं की पहिला बळी गॅलरीचा जातो. हॉलची गॅलरी आत घेतली की हॉल मोठा, बेडरूमची घेतली की मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाची सोय. पॉलिसीत काय काय भरून मिळणार नाही त्याची यादी आहे, आणि त्या यादीत याविषयी एक कलम आहे. चटई क्षेत्र 10 टक्क्यांहून जास्त वाढवणारं कोणतंही वाढीव बांधकाम किंवा फेरफार विम्यात धरला जात नाही. त्यासाठी वाढीव हप्ता भरून पॉलिसीला एंडोर्समेंट, म्हणजे तशी पुरवणी नोंद, जोडून घ्यावी लागते. हे 10 टक्के पॉलिसी सुरू झाली किंवा रिन्यू झाली त्या दिवशीच्या क्षेत्रफळावर मोजतात.

आपल्या फ्लॅटवर हे लावून बघा. एक गॅलरी आत घेतली, तर तिचे 45 फूट पूर्ण मोजले जातात. आधी तिचे सव्वाअकरा धरलेले होते, म्हणजे वाढ पावणेचौतीस फुटांची, सहा टक्क्यांच्या आतबाहेर. दोन्ही आत घेतल्या की वाढ साडेसदुसष्ट फुटांची, साडेअकरा टक्क्यांहून थोडी जास्त. एका गॅलरीपर्यंत माणूस मर्यादेत असतो, दुसरी घेतली की मर्यादेबाहेर. हे सुताराला ठाऊक नसतं, इंटीरिअर डिझायनरला नसतं, आणि पॉलिसी विकणाऱ्यालाही बहुधा नसतं. बाकीचं घर विम्यात राहतं, वाढवलेला भाग बाहेर जातो. कागदावर हे सरळ दिसतं; पण काजळी धरलेल्या हॉलमध्ये उभं राहून जुना हॉल कुठे संपतो आणि गॅलरी कुठे सुरू होते, हे सर्व्हेअरबरोबर ठरवायची वेळ आली की त्यातला सरळपणा संपतो.

दहा टक्क्यांच्या आत राहिलं म्हणजे सुटलो, असंही नाही. घराच्या बांधणीत भर, फेरफार किंवा वाढ करणार असाल तर लवकरात लवकर कळवा, असं पॉलिसीत वेगळं सांगितलेलं आहे. पत्ता बदलणं, घर भाड्याने देणं आणि घराचा वापर बदलणं याच रांगेत ते बसवलेलं आहे. पुढच्या खोलीत दवाखाना किंवा शिकवणीचा वर्ग काढण्यासाठी भिंत पाडलीत, तर एकाच कामात दोन गोष्टी कळवायच्या झाल्या.

गॅलरीचा हिशेब निदान गणिताने सुटतो. फर्निचरचा सुटत नाही. मध्यमवर्गीय घराच्या कामात सगळ्यात मोठा खर्च त्याचाच, म्हणून इथे थोडं रेंगाळू.

पॉलिसीत दोन कप्पे आहेत, इमारत आणि घरातल्या वस्तू. जमीन, भिंत किंवा छताला कायमचं जोडलेलं ते इमारतीत: संडास-बाथरूमची भांडी, वायरिंग, फरशी. सोलर पॅनेल आणि एअर कंडिशनिंगची यंत्रणाही, वस्तूंमध्ये घेतलेली नसेल तर, इमारतीतच धरली जाते. जे जोडलेलं नाही ते वस्तूंमध्ये: टीव्ही, सोफा, पलंग. इमारतीचा विमा काढला की वस्तूंना इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के संरक्षण आपोआप मिळतं, कमाल 10 लाखांपर्यंत. आपल्या फ्लॅटला ते सव्वातीन लाख मिळेल. दागिने, चांदीची भांडी, चित्रं अशा मौल्यवान चिजा यात नाहीत, त्यांचं संरक्षण वेगळं मागावं लागतं.

आता समजा या फ्लॅटमध्ये चौदा लाखांचं काम झालं. मॉड्युलर किचन, तिन्ही खोल्यांत छतापर्यंतची कपाटं, टीव्हीची भिंत, पीओपीचं फॉल्स सीलिंग, नव्या फरशा, नवं वायरिंग. सीलिंग, फरशा आणि वायरिंग बिनबोभाट इमारतीत जातील. पण कपाटं? भिंतीला स्क्रूने पक्की केलेली, जागेवर बनवलेली, घर सोडताना नेता न येणारी कपाटं इमारत की वस्तू? किचनच्या ट्रॉल्या काढता येतात, ओटा येत नाही, आणि ओट्याखालचा प्लायवूडचा सांगाडा दोहोंच्या मधे.

प्रश्न शब्दच्छलाचा वाटेल, पण त्यावर बरेच पैसे अवलंबून आहेत. आरसीसी इमारतीतल्या एका फ्लॅटला आग लागली, तर कॉलम आणि स्लॅब सहसा उभे राहतात. जळतं ते आतलं: लाकूडकाम, सीलिंग, वायरिंग, कपडे, गाद्या, उपकरणं. अशा वेळी इमारतीच्या सव्वासोळा लाखांतली बरीच रक्कम शिल्लक राहते आणि वस्तूंचे सव्वातीन लाख पहिल्या दोन खोल्यांतच संपतात. आठ लाखांचं लाकूडकाम इमारतीत धरलं गेलं तर भरपाईला जागा आहे. वस्तूंत धरलं गेलं तर नाही. माझं मत असं की भिंतीशी एकजीव केलेलं लाकूडकाम इमारतीत धरण्याचा मुद्दा भक्कम आहे. पण आग विझल्यावर तो मांडत बसण्यापेक्षा काम पूर्ण झाल्याबरोबर कंपनीकडून लेखी विचारून घ्यावा हे बरं. वस्तूंची रक्कम यादी देऊन वाढवूनही मिळते. त्याला थोडा जादा हप्ता पडतो, तो किचनच्या एका सॉफ्ट-क्लोज ट्रॉलीच्या किमतीपुढे बहुधा किरकोळच वाटेल.

एका बाबतीत मात्र ही पॉलिसी आधीच्या पॉलिस्यांपेक्षा ग्राहकाच्या बाजूची आहे. पूर्वीच्या अग्निविमा पॉलिसीत 'ॲव्हरेज' नावाचं कलम असे. घर उभारायला वीस लाख लागणार असतील आणि विमा दहा लाखांचाच असेल, तर चार लाखांच्या नुकसानीचे दोनच लाख हातात पडत. अर्धा विमा, म्हणून प्रत्येक नुकसानीची अर्धी भरपाई. खर्चीक काम करून विमा रक्कम तशीच ठेवणाऱ्याला हे कलम नेमकं चावायचं. 'भारत गृह रक्षा'त ते काढून टाकलेलं आहे. रक्कम कमी असली तरी त्या रकमेपर्यंतची भरपाई पूर्ण मिळते. शिवाय अनेक वर्षांच्या पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम दरवर्षी मूळ रकमेच्या 10 टक्क्यांनी आपोआप वाढते. पण घराचा विमा देणाऱ्या इतरही पॉलिस्या बाजारात आहेत आणि दुकान, ऑफिस यांच्या विम्यात ॲव्हरेजचं कलम अजून भेटतं. म्हणून आपल्या हातातली पॉलिसी नक्की कोणती, हे नाव वाचून बघायचं.

इथपर्यंतचा हिशेब काम संपल्यानंतरच्या घराचा झाला. खरी धास्ती आहे ती काम चालू असतानाच्या काळाची. तेव्हा धोका सर्वांत जास्त असतो आणि विम्याचं पांघरूण नेमकं तेव्हाच तोकडं पडतं.

इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात अपपार्क नावाचा सतराव्या शतकाच्या अखेरचा एक वाडा आहे. छपराच्या शिशाच्या पत्र्यांची दुरुस्ती चालली होती आणि काम संपत आलं होतं. 30 ऑगस्ट 1989 रोजी कामगारांच्या ज्योतीच्या उपकरणाने छपराला आग लागली आणि वाड्याचे वरचे मजले गेले. विमा होता. त्याच्या आधाराने वाडा जुन्या पद्धतीने पुन्हा उभा केला आणि 1995 मध्ये लोकांसाठी उघडला. आपल्याकडे शिशाची छपरं नाहीत, पण तयारी तीच असते. गॅलरीच्या ग्रिलचं वेल्डिंग चालू, बाजूला प्लायवूडच्या चळती, कोपऱ्यात थिनर आणि पॉलिशचे डबे, आणि वीज घेतलेली तात्पुरत्या वायरने, उघड्या टोकांना काडी खुपसून. मजूर त्याच खोलीत झोपतात, तिथेच स्टोव्ह पेटतो.

अशा आगीत पॉलिसी उपयोगी पडते का? आग ही विम्यातली घटना आहे आणि मजुराच्या हातून लागली एवढ्या कारणाने ती यादीबाहेर जात नाही. पण काम चालल्याचं कंपनीला कळवलेलं नसेल, तर क्लेमची सुरुवातच संशयाने होते. शॉर्ट सर्किटबद्दलचा नियमही नीट समजून घ्यावा. ज्या उपकरणात शॉर्ट सर्किट झालं त्याच्या स्वतःच्या नुकसानीचे पैसे मिळत नाहीत, पण त्यातून आग पसरून घर जळालं तर त्या नुकसानीचे मिळतात. पाण्याचंही पाहायला हवं. फायर स्प्रिंकलरमधून गळती झाली तर पॉलिसी भरून देते, पण ती गळती घराच्या किंवा इमारतीच्या दुरुस्तीमुळे, फेरफारामुळे झाली असेल तर नाही. उंच टॉवरमध्ये फॉल्स सीलिंग बसवताना स्प्रिंकलरचे पाइप हलवणारे कारागीर बरेच आहेत. एक नोझल तुटलं की तीन मजले भिजतात.

सामानाची गंमत वेगळीच. धूळ बसू नये म्हणून आपण टीव्ही, फ्रिज, गाद्या भावाकडे किंवा मित्राच्या रिकाम्या फ्लॅटवर हलवतो. घरातून दुसरीकडे नेलेल्या वस्तूंच्या नुकसानीला ही पॉलिसी जबाबदार नाही. काळजी घेतली म्हणून विमा गेला, असा हा प्रकार. आणि घरातच ठेवलं तर चोरीचा प्रश्न. मूळ पॉलिसीत चोरीचं संरक्षण फार थोडं आहे. आग, पूर अशी विम्यातली एखादी घटना घडली आणि त्यामुळे पुढच्या सात दिवसांत चोरी झाली, तरच. घरफोडीचा वेगळा विमा असला तरी त्यात बहुतेक वेळा कुलूप किंवा कडी तोडून शिरल्याच्या खुणा मागतात. काम चालू असलेल्या घराचं दार दिवसभर सताड उघडं, त्यामुळे त्या खुणा कुठून आणणार? दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणं हा जुना सल्ला इथे कोणत्याही कलमापेक्षा कामाचा आहे.

मजूर पडला तर काय, हा प्रश्न आपण टाळतो, कारण तो विचारायलाही अवघड वाटतं. सहाव्या मजल्याच्या खिडकीबाहेर झोक्यावर बसून रंग देणाऱ्या माणसाची जबाबदारी घराच्या पॉलिसीत नाही. त्यासाठी ठेकेदाराने कर्मचारी भरपाईच्या कायद्याला धरून कामगारांचा विमा काढायचा असतो. मोठ्या कामासाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' ही पॉलिसीही मिळते. तिच्यात चालू कामाचं नुकसान आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचं नुकसान अशा दोन्ही बाजू धरलेल्या असतात. फ्लॅटची कामं करणारे लहान ठेकेदार ती काढत नाहीत, कारण कोणी मागत नाही. वीस लाखांच्या कामाचा करार करताना ती मागितली तर ठेकेदार आधी हसेल, मग फोन करून चौकशी करेल. सोसायट्यांनी परवानगीच्या अर्जातच ही अट घातली तर बरीच भांडणं वाचतील.

भिंतीची गोष्ट सर्वांत गंभीर. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली सिद्धी साई ही इमारत कोसळली आणि 17 माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं, त्यात इमारतीच्या आधाराला धक्का लावला गेला, असा आरोप झाला. अशा दुर्घटनेत घराची पॉलिसी काय करते, हे वाचलं की अंगावर काटा येतो. इमारत आपसूक कोसळणं ही घटना विम्याच्या यादीतच नाही. जवळात जवळ म्हणजे जमीन खचणं. पण त्या ओळीखाली लगेच अपवाद दिले आहेत: सदोष आराखडा, सदोष काम, निकृष्ट साहित्य, आणि कोणत्याही मालमत्तेचं पाडकाम, बांधकाम, बांधणीतले फेरफार, दुरुस्ती किंवा खोदकाम. अपवाद 'कोणत्याही' मालमत्तेचा आहे, फक्त तुमच्या नव्हे. तळमजल्यावरच्याने कॉलमला हात लावला, तर चौथ्या मजल्यावरच्या निर्दोष कुटुंबालाही आपल्या पॉलिसीत सहजी आधार सापडत नाही. त्याला भरपाई हवी तर ज्याने काम काढलं त्याच्यावर दावा लावावा लागेल.

म्हणून सोसायटीच्या परवानगीकडे जाच म्हणून बघणाऱ्यांशी माझं जमत नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत फ्लॅटमध्ये फेरफार करण्याआधी समितीची परवानगी लागते. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी आणि तीस ओलांडल्यावर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलेलं आहे. मधली भिंत पाडायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र घ्यावं. पालिकेची परवानगी लागत असेल तिथे ती घ्यावी. विना परवाना झालेल्या कामाच्या क्लेमला कंपनी नाही म्हणेलच असं नाही, पण नाही म्हणायला आपणच तिच्या हातात कागद दिलेला असतो. त्याच उपविधींप्रमाणे सोसायटीनेही इमारतीचा विमा काढायचा असतो. तो काढलेला असला तरी त्यात तुमचं इटालियन मार्बल धरलेलं नसतं, हेही सांगून ठेवतो.

बाथरूमचं काम झालं की सहा महिन्यांनी खालच्या घराच्या छतावर डाग उमटतो. पाइप फुटला किंवा टाकी भरून वाहिली तर तुमच्या घराच्या नुकसानीचे पैसे मिळतात. संथ झिरपणाऱ्या ओलीचे नाहीत, आणि खालच्या काकूंच्या पीओपीचे तर मूळ पॉलिसीत अजिबातच नाहीत. शेजाऱ्याचं नुकसान हा त्रयस्थ जबाबदारीचा भाग, त्याचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. उपविधींप्रमाणे घरातल्या संडास-मोरीच्या अंतर्गत गळतीचा खर्च सभासदाचाच असतो. वॉटरप्रूफिंगवाल्याकडून लेखी हमी घेणं आणि फरशी बसवण्याआधी पाणी भरून दोन दिवस ठेवणं, हे इथे पॉलिसीपेक्षा जास्त उपयोगाचं.

मग कंपनीला कळवायचं कसं आणि किती? विम्याचा करार हा परम विश्वासाचा करार मानला जातो. ज्याला घराची माहिती आहे त्याने ती लपवायची नाही. हे तत्त्व ज्या खटल्याने रूढ झालं त्याची हकिकत मजेशीर आहे. सुमात्रा बेटावरच्या इंग्रजांच्या मार्लबरो किल्ल्याचा गव्हर्नर जॉर्ज कार्टर याने परकीय शत्रूने किल्ला घेतल्यास भरपाई मिळावी म्हणून लंडनमध्ये विमा काढला. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणाऱ्या बोहमने हात वर केले: किल्ला कमकुवत आहे हे मला सांगितलंच नाही. 1766 मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी परम विश्वासाचं तत्त्व मांडलं आणि निकाल दिला तो कार्टरच्या बाजूने. विमा देणाऱ्याला जे ठाऊक असायला हवं होतं किंवा जे तो विचारून घेऊ शकला असता, त्याबद्दल नंतर तक्रार करता येत नाही, असा त्यांचा रोख होता. कंपन्या या खटल्याचा पहिला अर्धा भाग आवडीने सांगतात.

व्यवहारात एक साधा ईमेल पुरतो. पॉलिसी क्रमांक, कोणतं काम, कधीपासून कधीपर्यंत, भिंती पाडणार का, क्षेत्रफळ किती वाढणार, या काळात घरात राहणार का. एजंटला फोनवर सांगितलं आणि तो "काही होत नाही हो साहेब" म्हणाला, हे क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही, कारण तोवर तो एजंट दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेलाही प्रत पाठवावी. आधीचे आणि नंतरचे फोटो, जीएसटीची बिलं, वायरमनच्या चाचणीचा कागद, सगळं घराबाहेर कुठेतरी साठवावं. घरातल्याच कपाटात ठेवलं तर कपाटाबरोबर जाईल. रोखीत, बिलाशिवाय केलेल्या कामाची किंमत सर्व्हेअरला पटवणं कठीण जातं. करात वाचवलेले पैसे तिथे वळते होतात. क्लेम नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचं, मग विमा लोकपालाकडे. लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत, शुल्क लागत नाही आणि 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात.

ज्यांची मुलं अमेरिकेत एडिसनला किंवा जर्सी सिटीला घर घेऊन बसली आहेत, त्यांना तिथला बेसमेंट ठाऊक असेल. घर घेतलं की दोन वर्षांत तो 'फिनिश' करायचा, तिथे गणपती बसवायचा, देशातून आलेल्या आई-वडिलांची खोली तिथेच करायची. तिकडच्या नेहमीच्या पॉलिसीत पंपातून उलटलेलं पाणी धरलेलं नसतं, त्यासाठी वेगळी पुरवणी घ्यावी लागते. आणि बेसमेंटमध्ये पाणी अनेकदा तिथूनच येतं. विमा रकमेहून जादा भरपाईची पुरवणी घेतली असेल, तर तिच्या नेहमीच्या मजकुरात अशीही अट असते की घराची पुनर्बांधणीची किंमत 5 टक्के किंवा अधिक वाढवणारी सुधारणा पूर्ण झाल्यापासून 30 दिवसांत कळवावी. आपल्या 10 टक्क्यांचा हा दूरचा भाऊ, फक्त तो क्षेत्रफळ मोजत नाही, किंमत मोजतो.

चटई क्षेत्र गुणिले दर हे सूत्र फ्लॅटला बरं बसतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या घरांना ते बसत नाही. जांभ्याच्या भिंती, सागाचे वासे, मंगलोरी कौलं, गोव्यात शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. असं घर आहे तसं पुन्हा उभं करायचं तर आजच्या साध्या बांधकामाच्या दरात होत नाही. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड भागांत घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले. त्यानंतर अनेकांनी कौलं उतरवून पत्रे चढवले, काहींनी स्लॅब टाकला. छप्पर बदलणं हाही बांधणीतला फेरफारच, म्हणून कळवायला हवा. गच्चीवर नव्याने टाकलेली पत्र्याची शेड वाऱ्याने उडून शेजाऱ्याच्या गाडीवर पडली, तर गाडीचा खर्च घराच्या पॉलिसीतून मिळत नाही. आणि ही घरं वर्षातले आठ-नऊ महिने कुलूपबंद असतात. जुन्या अग्निविमा पॉलिसीत घर सलग 30 दिवसांहून अधिक रिकामं राहिलं आणि कंपनीची लेखी संमती घेतलेली नसली, की संरक्षण थांबत असे. गावच्या घराची पॉलिसी कुठल्या काळातली आहे, हे म्हणूनच आधी बघावं. नवी घ्यायची झाली तर वास्तुविशारदाकडून पुनर्बांधणीच्या खर्चाचा लेखी अंदाज करून घ्यावा आणि त्या आकड्यावर विमा मागावा. कंपनी कदाचित आपलं सूत्र पुढे करेल. तेव्हा सागाच्या एका वाशाचा आजचा भाव तिच्यापुढे ठेवायला हरकत नाही.